वाळत घातलेला पासपोर्ट

मित्रांनो, ही २०२४ सालच्या फेब्रुवारीतली गोष्ट. मी एक निळी, पाठीवरची सॅक आहे. त्या वर्षीसुद्धा मी जुनीच होते.

पेणच्या बाजारात रघू टेलर ताडपत्रीच्या उरलेल्या कापडातून पिशव्या शिवायचा. मला त्याने कोलाडच्या एका राफ्टिंगवाल्यासाठी शिवलं. रुंद पट्टे, दुहेरी टाके, आत एक चोरकप्पा. "हिच्या आत पानी शिरलं तर माझं नाव बदला," असं तो गिऱ्हाइकाला म्हणाला होता. काही पावसाळे मी नदीकाठी ओले दोर वाहिले. मग माझी चेन अडकू लागली आणि मला शेडच्या कोपऱ्यात भिरकावलं. पडून राहणं माझ्या स्वभावात नाही. नुसता वारा आला तरी माझे पट्टे हलायचे.

तिथून मला किमया नावाच्या मुलीने नेलं. तिचं घर धरमतरच्या खाडीकाठी. तिची आई सगुणाबाई पूर्वी मिठागरात राबायची, आता मासळी सुकवून विकते. किमया रोह्याला कंपनीत शिफ्टला जायची. तिच्याही पायाला भिंगरी होती. तिने मला घासून धुतलं, चेनवर मेण फिरवलं आणि विचारलं, "येशील ना माझ्याबरोबर?" इतक्या प्रेमाने मला कोणी विचारलं नव्हतं.

तेवढ्यात तिच्या धाकट्या बहिणीचं, प्रतिक्षाचं, लग्न ठरलं. नवरामुलगा खांब गावचा मिथुन. लग्नासाठी किमयाला मोठी रजा मिळाली, आणि या बयेने रजेतले पहिले दिवस काढून श्रीलंकेचं स्वस्त तिकीट घेतलं!

"घरात लगीन, नि ही चालली लंकेला!" सगुणाबाई कडाडली. "हळदीला नाय आलीस ना गो, तर दारात उभी करनार नाय."

"येते गो आये. हळदीच्या दिवशी दुपारी घरात असेन."

प्रतिक्षा तांदूळ निवडत होती. मान वर न करता ती म्हणाली, "ताई, तू नाय तर मी पाटावर बसनार नाय. मांडव खोळंबू दे, माझी बोंब होऊ दे."

ती हट्टाची पोर होती. खरंच बसली नसती.

एवढं भांडूनही सगुणाबाईने माझ्या तळाशी सुकटीची मोठी पिशवी कोंबली. "परक्या मुलखात उपाशी मरशील. भातावर घे, दुसरं काय नको."

मित्रांनो, त्या सुकटीने माझी अब्रू घालवली. लंकेच्या डोंगरातल्या एका होस्टेलात मला खोलीबाहेर काढलं. व्हरांड्यात ठेवलं, तर वासावर माकडं आली आणि माझा डावा पट्टा तोडून गेली. किमयाने तो बुटाच्या नाडीने बांधला. मग चहाच्या मळ्यात आम्हाला पावसाने गाठलं, आणि रघू टेलरचं नाव बदलायची वेळ आली. सगळं आत गेलं. सुकट भिजली, कपडे भिजले, चोरकप्प्यातला पासपोर्टही भिजला. तरी किमया हसत होती. तिला पुढचं गाव बघायचं होतं, मग त्याच्या पुढचं.

शेवटच्या दिवशी आम्ही नेगोम्बोच्या बसमध्ये बसलो. विमानतळ तिथून जवळ, आणि विमान त्याच रात्री. वाटेत बस चहाला थांबली. किमया मोरीकडे गेली. बस तिची वाट न बघता सुटली आणि मी एकटी सामानाच्या फळीवर राहिले. मागच्या काचेतून ती धावताना दिसली. हात हलवत होती, ओरडत होती. मग वळण आलं.

मी खूप फिरले आहे, पण पाठीशिवाय कधी फिरले नव्हते.

नेगोम्बोला बस रिकामी झाली. कंडक्टरने मला उचललं, हुंगलं आणि नाक दाबून हसला. एवढा सुक्या मासळीचा वास म्हणजे सॅक समुद्रावर मासळी वाळवणाऱ्या बायकांपैकीच कुणाची तरी, हे त्याने ठरवून टाकलं. त्याने मला किनाऱ्यावर नेऊन शांती नावाच्या बाईसमोर ठेवलं आणि तो निघून गेला.

शांतीने मला उघडलं. ओली सुकट बघून तिने कपाळावर हात मारला, जसा सगुणाबाईने मारला असता. भराभरा तिने सगळं काथ्याच्या चटईवर पसरलं. पासपोर्ट सापडला तेव्हा त्यातला फोटो बघितला, पानं एकेक सुटी केली आणि तोही सुकटीशेजारी वाळत घातला. वर शंख ठेवला, उडू नये म्हणून. मग जाळ्याची सुई घेऊन माझा पट्टा शिवायला बसली.

किमया पुढच्या बसने आली. स्टँडवर तिने कंडक्टरला गाठून मोबाइलमधला माझा फोटो दाखवला. त्याने नाक दाबलं आणि समुद्राकडे बोट केलं.

ती वाळूतून धावत आली. "बाय, माझा पासपोर्ट! माझ्या बहिणीची हळद हाय उद्या!" घाबरून ती घरच्याच बोलीत ओरडत होती. शांतीही तिच्या भाषेत तितक्याच जोरात ओरडली आणि पासपोर्टवरचा हात काढीना. "नो ड्राय! वेट, वेट!"

"माझं विमान जाईल गो!"

"वेट!"

शेवटी दोघी चटईशेजारी बसल्या आणि पानांवर फुंकर मारू लागल्या. उन्हं उतरली तेव्हा शांतीने पासपोर्ट दिला. अर्धवट ओली सुकट मात्र तिने दिली नाही. स्वतःची कडक वाळलेली माझ्यात भरली, किमयाच्या मोबाइलमध्ये आपला नंबर घातला आणि पोरीला रिक्षात बसवलं.

विमानतळावरच्या साहेबाने पासपोर्ट उघडला, नाकाजवळ नेला, किमयाकडे बघितलं. माझे टाके घट्ट झाले. मग त्याने शिक्का मारला आणि हात पुसले.

मुंबईला उतरलो तर विमानाला उशीर झालेला, आणि वडखळला गाड्यांची रांग. हळदीची वेळ टळून गेली. आम्ही गल्लीत शिरलो तेव्हा लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण गाणं थांबवून बसली होती, बायका कुजबुजत होत्या, आणि पाट रिकामा होता. प्रतिक्षा दाराच्या चौकटीला धरून उभी होती.

"आली!" ती ओरडली आणि पळत जाऊन पाटावर बसली.

सगुणाबाई हात उगारून पुढे आली, पण आधी तिने मला उघडलं. मूठभर सुकट तळहातावर घेतली. "ही आपली नाय," ती म्हणाली. "कुनी दिली गो?" किमया सांगू लागली आणि सांगता सांगता रडली. सगुणाबाईने तिला आत घेतलं.

पुढे कुणाचं काय झालं, तेही सांगते. प्रतिक्षा खांबला सुखात आहे, तिला मुलगी झाली. मिथुनने टेम्पो घेतला. त्या कंडक्टरचं काही कळलं नाही. किमया कंपनीत वरच्या जागेवर गेली आणि तिने चाकांची नवी बॅग घेतली. मला माळ्यावर टाकलं, आत जुन्या चिंध्या भरून. उंदराने माझा एक कोपरा कुरतडला. खाली व्हिडिओ फोनवर सगुणाबाई आणि शांती एकमेकींना मासळी दाखवत मोठमोठ्याने बोलायच्या. एकीचं दुसरीला कळत नसे, तरी फोन तासभर चाले.

परवा शांतीच्या मुलीचं लग्न ठरलं आणि सगुणाबाईला बोलावणं आलं. जी बाई कधी मुंबईला राहिली नाही, तिने पासपोर्ट काढला. किमयाने तिच्यापुढे नवी बॅग ठेवली.

"त्या चाकवालीला वाळूत कोन ओढनार?" सगुणाबाईने विचारलं, आणि शिडी लावून मला खाली घेतलं.

मित्रांनो, आमची चेन घासा, आम्हाला ऊन दाखवा, उसवलं तर वेळेवर टाका घाला. पण चिंध्या भरून माळ्यावर टाकू नका. त्यापेक्षा वापरून फाडा. आता जास्त बोलत नाही. सगुणाबाई चप्पल घालते आहे, आणि तिला उशीर चालत नाही.