मशीनला धरलंय

हॉलमधली सगळी माणसं एका बंद दाराकडे बघत होती. दाराआड आमची वेबसाइट चालवणारं मशीन होतं आणि त्याच्यापाशी सर्व्हरबाबा एकटे बसले होते. आमच्या डायलिसिस केंद्रात कुणाला कोणत्या वेळी, कोणत्या खाटेवर घ्यायचं, ते सगळं त्या वेबसाइटवर असतं. सकाळपासून ती बंद होती. सुजलेल्या पायांची माणसं खुर्च्यांवर खोळंबली होती. नातेवाईक माझ्या काउंटरवर येऊन तेच तेच विचारत होते, आणि मी तेच तेच सांगत होते.

मग दार उघडलं. काळ्या कोटाची बटणं लावत, डोळे अर्धवट मिटून बाबा बाहेर आले आणि भिंतीवरचा स्क्रीन उजळला. पेशंटची नावं दिसू लागली. कुणी टाळ्या वाजवल्या, कुणी हात जोडले. एका आजोबांनी तर आपला रक्ताचा रिपोर्ट पुढे करून त्यावर हात ठेवायला सांगितलं. बाबांनी ठेवलाही.

"मशीन शांत झालंय," बाबा म्हणाले. "पण यंत्राला स्पर्शाची आठवण असते. इथं कुणाचा तरी हात त्याला सोसत नाही."

नाव घेतलं नाही, घ्यायची गरजही नव्हती. त्या मशीनचं काम बघणारी आमच्याकडे एकच बाई, माझी वहिनी. सगळ्या माना तिच्याकडे वळल्या आणि तिनं दोन्ही हात पाठीमागे घेतले. त्या क्षणापासून मी त्या माणसाला अहोजाहो करणं सोडलं.

सर्व्हरबाबा हे नाव मीच ठेवलेलं. त्याच्या कार्डावर 'यंत्रऊर्जा तज्ज्ञ' असं छापलेलं होतं. त्याला आणलं आमच्या डॉक्टर मॅडमनी, म्हणजे केंद्राच्या मालकिणीनं. बाई हुशार. रक्त तपासल्याशिवाय साधी गोळी लिहून देणार नाहीत. पण मशीन म्हटलं की त्यांची बुद्धी दाराबाहेर थांबते. एकदा वीज गेल्यावर मशीन लवकर सुरू होईना, तेव्हा कुणीतरी याचं नाव सुचवलं. तो आला, खोलीचं दार लावून बसला आणि मशीन सुरू झालं. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ पडली.

त्यानंतर मात्र फांदी दर वेळी मोडू लागली. मशीनवरच्या प्रोग्रामांना अधूनमधून नव्या आवृत्त्या घालाव्या लागतात, नाहीतर जुन्या भोकांतून चोर शिरतात. त्याला अपग्रेड म्हणतात. वहिनी ते काम वर्षानुवर्षं डाव्या हातानं करत आली होती. आता तिनं अपग्रेड केलं रे केलं की वेबसाइट कोसळायची. मॅडम बाबाला फोन लावायच्या, बाबा आला की वहिनीला खोलीबाहेर काढायच्या, आणि थोड्या वेळानं सगळं पुन्हा सुरळीत. सफाईच्या मावशींनी निदान करून टाकलं, "मशीनला धरलंय." तो शब्द केंद्रभर झाला. भूत माणसाला धरतं, तसं वहिनीच्या हातानं म्हणे मशीनला धरलं होतं. एक आजी तर तिच्या हातून पाण्याचा ग्लाससुद्धा घेईना.

त्या दिवशी बाबा गेल्यावर मॅडमनी निर्णय सांगितला. शनिवारचं अपग्रेड बाबा स्वतः करणार, आणि तेव्हापासून मशीन त्याच्याच ताब्यात. वहिनीनं शनिवारनंतर यायची गरज नाही. तुझा काही दोष नाही, असंही वर म्हणाल्या. दोष नाही म्हणे, फक्त हात वाईट.

दादा घरी म्हणाला, एक नोकरी गेली तर दुसरी मिळेल. पण मी स्वयंपाकघरात जे पाहिलं ते त्यानं पाहिलं नव्हतं. आमच्या घरात काहीही बिघडलं की वहिनी पदर खोचून ते उघडून बसते. त्या संध्याकाळी मिक्सर अडला आणि ती मागे सरकली.

"तूच बघ," ती मला म्हणाली. मग हळूच म्हणाली, "माझ्या हाताला खरंच काही असेल का गं?"

मला इतका राग आला की हातातलं भांडं मी ओट्यावर आपटलं. राग तिचा नव्हता. प्रत्येक गोष्टीचं कारण शोधणाऱ्या बाईच्या डोक्यात त्या माणसानं हा किडा सोडला, त्याचा होता. मी तिला उलट विचारलं, मशीन कोसळलं तेव्हा आत काय बिघडलेलं दिसलं?

"बघायला मिळालंच कुठं?" ती म्हणाली. "कोसळलं की सगळे ओरडायला लागतात आणि मला बाहेर काढतात. परत मिळतं ते चालू झालेलं मशीन."

बोलता बोलता ती थांबली. आजारी असताना पेशंट दाखवायचाच नाही आणि बरा झाल्यावर आणून उभा करायचा, तर रोग कळणार कसा? तिच्या चेहऱ्यावर बऱ्याच दिवसांनी जुनी वहिनी दिसली. ती म्हणाली, बॅकअपवरून मशीनची हुबेहूब नक्कल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उभी करता येईल. ती कोसळली तरी पेशंटचं काही अडणार नाही, आणि तिच्यासमोरून तिला कुणी उठवणार नाही.

"पण अपग्रेड मी नाही करणार, वन्सं," ती म्हणाली. मला वन्सं म्हणते तेव्हा ती चिडलेली तरी असते, नाहीतर घाबरलेली. "कोसळलं तर पुन्हा माझ्याच हातावर येईल. दुसऱ्या कुणाचा तरी हात हवा."

हात कुणाचा घ्यायचा, ते मी ठरवलं.

शनिवारी हॉल भरलेला होता. बाबा आला, मशीनच्या खोलीकडे वळला, तेवढ्यात मी अगदी साळसूदपणे त्याला विचारलं, आमच्या मॅडमचा हात कसा काय आहे?

"यांचा?" बाबा हसला. "इतक्या लोकांना जीवदान देणारा हात. यांच्या हातून यंत्राचं वाईट होणंच शक्य नाही."

सगळ्यांनी ऐकलं. मी काउंटरवरच्या जुन्या कॉम्प्युटरवरचं कापड काढलं आणि मॅडमना सांगितलं, ही आपल्या मशीनची नक्कल आहे. नवं औषध आधी थोड्या जणांवर तपासतात ना, तसंच हे. अपग्रेडचं बटण तुमच्या हातानं दाबा. बाबानं तोंड उघडलं खरं, पण स्वतःचंच वाक्य गिळणार कसं? मॅडमनी एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि बटण दाबलं.

स्क्रीनवर ओळी भराभर सरकत गेल्या. शेवटी मॅडमनी वेबसाइट उघडली. पांढरं फटक पान. ना नाव, ना वेळ.

मॅडम स्वतःच्या बोटांकडे बघत होत्या.

"नकलेत प्राण नसतो," बाबा घाईनं म्हणाला. "आणि ही उभी कुणी केली? तिनंच ना? चला, ऊर्जेची वेळ टळतेय."

वहिनीनं तोवर खुर्ची ओढली होती. आजारी मशीन पहिल्यांदाच तिच्या तावडीत सापडलं होतं. ती ओळी उलट्या, वरच्या बाजूला वाचत निघाली. पुढच्या पाळीच्या पेशंटना आत घ्यायची वेळ झाली होती, मॅडम घड्याळ बघत होत्या. आता त्या तिला उठवणार, असं वाटून मी तिच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले.

"एक पॅकेज, म्हणजे प्रोग्रामचा एक तुकडा, मागे राहिलंय," वहिनी म्हणाली. "बाकीची सगळी नवी झाली, हे एकच जुनं. याला हलवायचं नाही, असा कुणीतरी मशीनला हुकूम देऊन ठेवलाय. धरून ठेवलंय याला."

"मी म्हणत होते ना, धरलंय," मावशी मागून म्हणाल्या. दोघंचौघं हसले. बाबा हसला नाही.

"डेटाबेसच्या पॅकेजला हात लावू नका," तो म्हणाला. "तो संरक्षणाचा बंध आहे."

वहिनी खुर्चीत वळली.

"मी कुठलं पॅकेज ते सांगितलंच नव्हतं. या मशीनवर शेकडो आहेत. स्क्रीन माझ्या अंगाआड आहे. तुम्हाला कसं कळलं?"

"मला... जाणवतं ते."

"जाणवतं," मॅडम सावकाश म्हणाल्या. "मग दर वेळी दार लावून आत काय करत होतात?"

उत्तर वहिनीनं दिलं. वेबसाइट चालवणारं मुख्य पॅकेज म्हणजे कुलूप समजा, डेटाबेसशी, म्हणजे पेशंटच्या नोंदींच्या साठ्याशी, बोलणारं छोटं पॅकेज म्हणजे किल्ली. दोन्ही बरोबरच बदलावी लागतात. वीज गेल्याच्या दिवशी यानं दाराआड बसून किल्ली धरून ठेवली. नंतर दर अपग्रेडला कुलूप नवं बसायचं, किल्ली जुनीच राहायची, वेबसाइट बंद. मग हा यायचा, गुपचूप जुनं कुलूप परत बसवायचा आणि डोळे मिटून बाहेर पडायचा. किल्ली मात्र धरलेलीच ठेवायचा, पुढच्या चमत्कारासाठी. आणि चोर शिरायची जुनी भोकं तशीच उघडी.

मग तिनं नकलेवर तो बंध सोडला, मागे राहिलेलं पॅकेज नवं केलं आणि पान उघडलं. सगळी नावं जागच्या जागी होती.

पण खरं मशीन अजून बाकी होतं. ते कोसळलं असतं तर खुर्च्या भरून बसलेले पेशंट तसेच ताटकळले असते आणि वहिनीच्या हातावरचा डाग जन्मात पुसला गेला नसता. मॅडम म्हणाल्या, "कर तू."

खोलीचं दार सताड उघडं ठेवून वहिनी मशीनसमोर बसली. नवरा, नणंद, मालकीण, कुणाचाच आधार कामाचा नव्हता तिथं. तिनं बंध सोडला, अपग्रेड सुरू केलं. भिंतीवरचा स्क्रीन काळा झाला आणि बराच वेळ काळाच राहिला. मी मनातल्या मनात त्या मशीनला नाही नाही त्या शिव्या दिल्या. मग नावं आली. या वेळी टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. नर्सनं पहिलं नाव पुकारलं आणि एक आजी काठी सावरत उठल्या.

या गडबडीत बाबाची ऊर्जा मागच्या दारानं निघून गेली होती.

मॅडम वहिनीजवळ आल्या. म्हणाल्या, त्यानं मला चांगलंच फसवलं गं.

"त्यानं फसवलं खरं, मॅडम," वहिनी म्हणाली. "दर वेळी मला बाहेर तुम्ही काढलंत."

मॅडमनी मशीनच्या खोलीची किल्ली तिच्या हातात दिली, पण मला त्यांची कीव करावीशी वाटली नाही. बिघाडाला कारण असतं. ते कधी लगेच सापडतं, कधी छळ छळ छळतं, पण ते कुणाच्या पायगुणात किंवा हातगुणात नसतं. माणसाला अपशकुनी ठरवणं सोपं, कारण त्यासाठी काही वाचावं लागत नाही, तपासावं लागत नाही. म्हणून हात जोडून सांगते, चमत्कार करणारा दार लावायला लागला की दारात पाय घाला. आणि ज्याच्यावर आळ आलाय, त्याला बाहेर काढायच्या आधी एकदा आत बसून बघू द्या.