पात्यांवरचं तेल

घसरगाडीची पूजा करण्याची कल्पना मोरेश्वर काकांची होती, आणि त्या सकाळी त्यांना अडवू शकेल असा माणूस गॅरेजमध्ये एकच होता: शैलेंद्र.

अमेरिकेतल्या एडिसनहून मराठी मंडळाची बस आदल्या दिवशी या डोंगराळ गावात आली होती. आंतरराष्ट्रीय हिवाळी स्पर्धेत मिश्र सांघिक स्केलेटनची शर्यत होती. छोट्या घसरगाडीवर पालथं पडायचं, डोकं पुढे ठेवायचं आणि बर्फाच्या वळणदार पन्हळीतून सुसाट खाली यायचं. आधी स्त्री, मग पुरुष, आणि दोघांच्या वेळांची बेरीज. भारताकडून शैलेंद्रची मुलगी इला आणि प्लेनो शहरात नोकरी करणारा मिहीर उतरणार होते. दोघांचेही पासपोर्ट अजून भारतीयच होते. ही शर्यत नियमानुसार पूर्ण झाली तरच पुढच्या हंगामात संघाला प्रवेश मिळणार होता.

इला आणि मिहीर धावायला बाहेर पडले होते. भाड्याच्या घराच्या गॅरेजमध्ये इलाची घसरगाडी ठेवलेली होती. तिच्या खालची दोन पोलादी पाती इलाने आदल्या दुपारी तीन तास बसून बारीक पॉलिश-कागदाने घासली होती. त्या पात्यांना काहीही लावायचं नसतं, हे शैलेंद्रला आठ वर्षं ठाऊक होतं. आठ वर्षं तोच तिला ड्राइव्ह करून सरावाला नेत होता.

काकांनी पिशवीतून तबक, हळदकुंकू, खोबरेल तेलाची बाटली आणि दोन लिंबं काढली. सुवर्णा काकूंनी मंडळाच्या ग्रुपवर टाकायचा व्हिडिओ घ्यायला मोबाइल धरला.

"काका, याला तेलबिल चालत नाही. रूल आहे," शैलेंद्र म्हणाला.

"तुझ्या पहिल्या होंडाची पूजा कोणी केली? मीच ना? लिंबू चिरडल्याशिवाय पार्किंगमधून हलू दिलं होतं का तुला?"

"ती कार होती."

"आणि ही काय बैलगाडी आहे? बोटभर तेलाने अमेरिका बुडत नाही रे."

काकू हसल्या. शैलेंद्रही हसला. बावीस वर्षांपूर्वी नागपूरहून आल्यावर पहिले दोन महिने तो बायको आणि दोन वर्षांच्या इलासह काकांच्या घरी राहिला होता. तेव्हापासून काकांच्या प्रत्येक विनोदावर तो असाच हसत आला होता.

काकांनी पात्यांना तेलकुंकवाची बोटं ओढली, त्यांच्याखाली लिंबं ठेवली आणि गाडीवर दोन्ही हातांनी भार दिला. लिंबं फुटली. रस आणि बिया पोलादावर पसरल्या.

मंडळी चहाला आत गेल्यावर शैलेंद्रने कागदी रुमालाने पाती पुसायला घेतली. तेल निघण्याऐवजी पसरत गेलं. खोबरेल आणि लिंबाचा एकत्र वास नाकात बसला. फळीवर इलाची पाती साफ करायची ॲसिटोनची बाटली होती, पॉलिशचे कागद होते. पण ते काम फक्त इलाला येत होतं, म्हणजे इलाला सांगावं लागणार होतं. त्याने गाडीवर कव्हर चढवलं.

"ऑल गुड, बाबा?" इलाने परत आल्यावर विचारलं.

काका दारातच उभे होते. "हो," शैलेंद्र म्हणाला.

शर्यतीला जाताना व्हॅनमध्ये काका पुढच्या सीटवर बसले, इला आणि मिहीर मागे. चाळीस मिनिटांच्या रस्त्यात शैलेंद्रने तीनदा तोंड उघडलं आणि तीनदा हवामानाबद्दल बोलला.

तपासणीच्या टेबलावर एका अबोल बाईने पांढरं फडकं पात्यावरून फिरवलं. फडकं नारिंगी झालं. तिने ते हुंगलं, चिमट्याने लिंबाच्या बीचा चपटा तुकडा उचलला आणि दुसऱ्या परीक्षकाला बोलावलं. दहा मिनिटांत संघ बाद झाला. इला टेबलाशी उभी राहून फडक्याकडे पाहत राहिली.

लेखी खुलाशाला अर्धा तास होता. खेळाडूने स्वतः तेल लावलं असेल तर दोन हंगामांची बंदी. तिच्या नकळत दुसऱ्याने लावलं असेल, तर फक्त आजची शर्यत रद्द.

काकांनी शैलेंद्रला बाजूला घेतलं. "व्हिडिओ मी डिलीट करायला लावलाय. मंडळाचं नाव यायला नको."

"मग इलाचं काय?"

"मिहीरने लावलं म्हणून लिही. एकटा मुलगा आहे, व्हिसावर आहे, आज ना उद्या परत जाईल. आपली पोरगी तर वाचेल."

शैलेंद्रने त्यांच्या हाताकडे पाहिलं. नखांत अजून कुंकू होतं. अशी शिसारी त्याला आयुष्यात कोणाची आली नव्हती. हा हात झटकून टाकावा, असं वाटलं. आणि लगेच लक्षात आलं की तेलाची बोटं ओढली जात असताना आपण हसलो होतो. किळस काकांपाशी थांबेना.

त्याने खुलासा लिहिला. काकांचं नाव लिहिलं. मग लिहिलं: मी समोर उभा होतो, मला नियम माहीत होता, मी मुलीला सांगितलं नाही. का सांगितलं नाही, यापुढे त्याने 'ते वयाने मोठे आहेत' असं लिहिलं, वाचलं आणि खोडून टाकलं. त्या जागी दुसरं काही लिहिलं नाही.

इलाने कागद वाचला. "यू न्यू? व्हॅनमध्ये माहीत होतं तुला?"

"हो."

"फॉर्टी मिनिट्स, बाबा. आय कुड हॅव फिक्स्ड इट." तिचा आवाज चढला नाही. "माझी बंदी टळेल. संघ गेला. मिहीरला अजून वाटतंय, काही मशीनचा घोळ आहे. त्याला तू सांग. तुझ्या तोंडाने."

कपडे बदलण्याच्या खोलीत मिहीर शर्यतीचा घट्ट पोशाख घालून, मांडीवर हेल्मेट घेऊन बसला होता. शैलेंद्रला पाहताच तो उठला आणि बाकावरची आपली बॅग त्याने खाली ठेवली.

"बसा ना, काका. पाणी देऊ?"

शैलेंद्रने खाली ठेवलेल्या बॅगकडे पाहिलं. याच अदबीने आपण आयुष्यभर माणसांना जागा करून दिली होती.

तो बसला नाही. उभ्यानेच म्हणाला, "मिहीर, मशीनचा घोळ नाही. मला सकाळपासून माहीत होतं."