नव्व्याण्णव टक्के खात्री

माझी पणजी काचेची बशी होती. तिच्यावर जंतू पसरून औषधाच्या चकत्या ठेवीत, आणि चकतीभोवती केवढे मोकळे कडे पडले ते पट्टीने मोजीत. माझी आजी म्हणजे साखरपाण्याच्या नळ्यांची रांग. कोणती नळी पिवळी पडली यावरून ती जंतूचे कूळ सांगे. माझी आई कपाटाएवढी धिप्पाड मशीन होती. तिची खरखर दोन खोल्यांपलीकडे ऐकू जाई. या तिघींनी कधी घाई केली नाही आणि कधी खोटी साक्ष दिली नाही. ती मी दिली. तीच हकिकत सांगणार आहे, तेव्हा मित्रांनो, कुजबुज बंद करा आणि ताठ बसा.

मी एक जुनी मशीन आहे. रुग्णाच्या रक्तातून वाढवलेले जंतू माझ्याकडे येतात, आणि मला दोनच प्रश्न विचारले जातात : हा कोण, आणि हा कशाने मरेल? पत्त्याच्या पानाएवढे प्लॅस्टिकचे कार्ड मला देतात. त्यात मुगाच्या दाण्याएवढे खळगे, आणि प्रत्येक खळग्यात वाळवलेली साखर किंवा औषध. दर पंधरा मिनिटांनी मी एकेका खळग्यात डोकावते. जिथे पाणी गढूळले तिथे औषध हरले. जिथे स्वच्छ राहिले तिथे जंतू मेला.

मी प्रयोगशाळेत आले त्या दिवशी तिथल्या प्रमुखांनी, मोठ्या साहेबांनी, चष्म्यावरून पाहत विचारले, "हा डबा कुठे ठेवायचा?"

डबा! चार पिढ्यांच्या घराण्याला डबा! त्या दिवसापासून माझे त्यांच्याशी वैर आहे, आणि ते मी लपवीत नाही.

"डब्यात पीठ ठेवतात, साहेब," खिडकीजवळून कोणी तरी म्हणाले. "ही जीव राखायला आलीय. जरा मानानं बोला."

त्या मुख्य तंत्रज्ञ. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणत. त्या मला 'पोरी' म्हणत, आणि त्यांची शिस्त माझ्याहून कडक होती. कार्ड भरून झाले की नळीत उरलेला थेंब त्या जंतूंच्या खाद्याने भरलेल्या ताज्या ताटलीवर ओढून ठेवीत. दुसऱ्या दिवशी ताटलीवर वाढलेल्या जंतूंचे एकाच जातीचे ठिपके दिसले, तरच माझा निकाल खरा. "एका नळीत दोन जंतू म्हणजे एका चुलीवर दोन जावा," त्या सांगत. "भाजी कोणी खारट केली, ते देवालाही कळायचं नाही."

नऊ वर्षे तो थेंब चुकला नाही. मग एका सकाळी एका गवंड्याचा नमुना आला. साहेब दारात उभे राहून घड्याळावर बोट आपटीत होते. "बाई, रांगोळी नंतर काढा! आधी कार्ड लावा!" बाईंनी कार्ड लावले, आणि ताटली राहून गेली.

त्या नळीत दोन जंतू होते. एक गवंड्याचा, दुसरा वाटेत कुठून तरी शिरलेला. खळग्यांची वागणूक मला विचित्र वाटली होती, मित्रांनो. पण मी भर तारुण्यात होते, कौतुकाची सवय लागली होती. 'ठाऊक नाही' म्हणणे मला कमीपणाचे वाटले. मी छातीठोकपणे छापले : ओळख पटली, नव्व्याण्णव टक्के खात्री, साधी औषधे निकामी. गवंड्याला जहाल औषध दिले गेले. तो वाचला, पण त्याचे कान कायमचे गेले. जुन्या पद्धतीने पुन्हा तपासले तेव्हा कळले, साधे औषध पुरले असते.

साहेबांनी सगळ्यांना माझ्यासमोर उभे केले. "हा डबा आजच्या आज भंगारात!"

"मशीनचा दोष नाही," बाई म्हणाल्या. "ताटली मी ओढली नाही. चूक माझी."

घाई कोणी केली, ते साहेब बोलले नाहीत. नव्व्याण्णव टक्के कोणी छापले, ते मीही बोलले नाही. बाईंना नमुने घेण्याच्या खिडकीवर बसवले. निवृत्तीपर्यंत अकरा वर्षे त्या तिथे चिठ्ठ्या चिकटवीत होत्या. रोज माझ्यासमोरून जात; मान वळवून एकदाही पाहिले नाही. त्याहून मला भंगार परवडले असते.

पुढे बाईंची भाची तंत्रज्ञ म्हणून रुजू झाली. मावशीकडून शिकलेली; हात तसाच, जीभही तशीच. मग एक नवी मशीन आली. ती जंतूचे नाव काही मिनिटांत सांगते. सांगो बापडी! तो कशाने मरेल, हे तिला कुठे सांगता येते? तरी मला कोपऱ्यात सरकवले. माझ्यावर धूळ बसली, वर कोणी तरी रिकामी खोकी रचली. मला मोडीत काढण्याचा कागद साहेबांच्या टेबलावर सहीसाठी पडला होता.

अशा वेळी एका सकाळी सातला भाचीने खोकी उतरवली आणि माझ्यापुढे नळी धरली. "मावशीचं रक्त आहे," ती म्हणाली. "नीट बघ."

पित्ताशयातून विष रक्तात पसरले होते. त्यात मूत्रपिंडे आधीच अशक्त. जहाल औषध दिले तर ती जाणार; चुकीचे साधे दिले तर बाईच जाणार. नव्या मशीनने एका ठिपक्यावरून एक नाव केव्हाच सांगून टाकले होते. भाचीने कार्ड भरले, आणि उरलेला थेंब ताटलीवर ओढला.

चार वाजता साहेब आले. "काय म्हणतो डबा?"

माझे खळगे पुन्हा तसेच विचित्र वागत होते. जुळवाजुळव करून मला एक नाव देता आले असते. नव्या मशीनशी ते जुळलेही असते. मी छापले : निकाल नाही. खात्री नाही. शुद्धता तपासा.

"बघा! गरजेच्या वेळी माती खाल्ली." साहेबांनी टेबलावरचा मोडीचा कागद आणला आणि माझ्याच डोक्यावर ठेवून सही केली. "जहाल औषध सुरू करायला सांगा."

"थांबा, साहेब." भाचीने नऊ तासांची कोवळी ताटली उजेडाकडे तिरकी धरली. "हे बघा. हे ठिपके चकचकीत आहेत आणि हे मळकट. दोन जावा आहेत!"

"उद्या दुपारपर्यंत," साहेब गुरगुरले. "त्यानंतर मी ऐकणार नाही."

दोन्ही जंतू वेगळे करून दोन कार्डे लागली. त्या खळग्यांत मी जशी डोकावले, तशी जन्मात डोकावले नव्हते. दुसऱ्या दिवशी बाराच्या आत दोन निकाल छापले. एकीला एक औषध, दुसरीला दुसरे. दोन्ही साधी, मूत्रपिंडांना न दुखावणारी. दोन जावांना दोन चुली.

मित्रांनो, ठाऊक नसेल तर 'ठाऊक नाही' म्हणा. उरलेला थेंब फेकू नका. आणि घाई करणाऱ्याच्या घड्याळाला भिऊ नका. चुकीची भरपाई त्याचे घड्याळ करीत नाही. हे मी विनवीत नाही, बजावते आहे.

तीन आठवड्यांनी मला न्यायला हातगाडी आली. त्याच सकाळी बाई भाचीचा हात धरून आत आल्या. भाचीने जपून ठेवलेली माझी चिठ्ठी त्यांना दाखवली. त्यांनी ती दोनदा वाचली, आणि इतक्या वर्षांनी मान वळवून माझ्याकडे पाहिले.

"खात्री नाही म्हणाली? ही?" बाई हसल्या. "आणि त्यापायी बोलणी खाल्ली, भंगारातही चालली."

त्यांनी पदराने माझ्या डोक्यावरची धूळ पुसली.

"फिटलं गं, म्हातारे. सगळं फिटलं."