राधाबाईंचा कब्जा

देवरावांच्या इंग्रजीचा भिलाईतल्या रिसालीत मोठा दबदबा. एकतीस वर्षं जमिनीच्या कचेरीत टायपिंग केलेला माणूस, त्याला कोण काय शिकवणार? रिटायर झाल्यावरही कोणाचा अर्ज असो की पोरीचा बायोडाटा, गल्ली त्यांच्याच दारात. आणि त्यांना ते आवडायचंही, खोटं कशाला बोला!

म्हणून सोनल आली तेव्हा ते चांगलेच फुगले. सोनल रायपूरच्या एका संस्थेत कामाला होती. म्हणाली, "काका, जिनिव्हाले एक समिती बसते. लोकांले घर, काम, दवाखाना, शाळा भेटते का नाही, ते देशोदेशी तपासते. सरकार आपला रिपोर्ट देते, आपण लोकांचा देतो. कोहक्याच्या वस्तीतले बावीस घरं त्यात टाकाचे आहेत. जबान्या मोबाइलमध्ये आहेत. बस, आप इंग्लिश कर दो."

त्या बावीस घरांतलं एक राधाबाईंचं. त्यांचा नवरा तेजराम आणि देवराव एकाच वर्षी नागपूरकडून भिलाईला आलेले, सख्ख्या भावांसारखे राहिलेले. तेजराम गेला. घराची कागदपत्रं वाळवीनं खाल्ली. आता पुरावा म्हणजे राधाबाईंचं तोंड, दुसरं काही नाही.

आणि तोंड मोबाइलवर काय खणखणीत चाललं होतं! "सत्त्याण्णवात सायबानं सोता येऊन आमाले कब्जा देल्ला. कुलूप उघडून चावी हातात देल्ली. तवापासून कब्जा आमचाच हाय."

आता आपल्या माणसांत क्वार्टर लागलं की कब्जा भेटला असंच म्हणतात. चावी हातात आली की कब्जा आला, लोक पेढे वाटतात त्याचे. देवरावांना हे ठाऊक नव्हतं? अहो, त्यांनी स्वतः वाटले होते! पण कचेरीत उभ्या हयातीत ज्या फायली टाइप केल्या, त्यांत कब्जा म्हणजे एकच गोष्ट, 'अनऑथराइज्ड ऑक्युपेशन'. बोटांनी तेच टाइप केलं. मेल्या बोटांना कुठली अक्कल! बावीसही जबान्यांत तेच गेलं. देवरावांनी वाचून पाहिलं, स्वतःवर खूश झाले आणि सोनलला पाठवून दिलं.

चार महिने काही नाही. मग एका सकाळी राधाबाईंचा फोन.

"भाऊजी, तुमचा कागद पोचला बरं का! सायेब लोकं आले, माह्या नावानं विचारत आले. टेप लावून घर मोजून राहिले. भिंतीवर लाल नंबर घातला. म्या त्यायले चहा पाजला."

लाल नंबर पाडायच्या घरांवर घालतात, हे देवरावांना सांगायला नको होतं. तसल्या याद्या त्यांनीच टाइप केल्या होत्या. पण हे लोक नावानिशी कसे आले?

त्यांनी सोनलला फोन लावला. तिचा आवाज उतरलेला होता. समितीला सरकारकडून उत्तर गेलं होतं, त्याची प्रत तिनं पाठवली. देवरावांनी चष्मा पुसून तीनदा वाचलं. रहिवाशांनी अनधिकृत कब्जा स्वतःच कबूल केला आहे, सबब घराच्या हक्काचा प्रश्नच उद्भवत नाही. खाली राधाबाईंचं नाव आणि पान नंबर सात. इंग्रजी देवरावांचंच होतं, स्वल्पविरामासकट.

शुक्रवारी नोटीस लागली, सात दिवसांची. शनिवारी वस्तीच्या टोकाला जेसीबी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर कॅबिनमध्येच डबा खायचा, कोणाशी बोलायचा नाही. वस्तीतल्या बाया पाणी भरायला दुसऱ्या वाटेनं जाऊ लागल्या.

रविवारी देवराव कोहक्याला गेले. शरमेनं मान वर होत नव्हती. "वहिनी, चुकी माही हाय," म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं.

राधाबाईंनी ऐकून घेतलं. "कावून रडून राहिले भाऊजी? माणूस चुकते. सायबाले सांगू ना, का लिवण्यात गलती झाली म्हणून. म्या बोल्ली ते तर खरंच हाय." त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. देवरावांना हे न रागावणंच जास्त लागलं.

सोमवारी सोनलला घेऊन तिघंही कचेरीत गेले. कचेरी तीच, देवरावांचीच. साहेब नवे होते, तरणे, गोड बोलणारे. खुर्च्या दिल्या, पाणी मागवलं. देवरावांनी हात जोडून सांगितलं, की माझी चूक झाली, मी लिहून देतो, आमच्यात कब्जा म्हणजे चावी भेटणं.

"ओरिजिनल रिकॉर्डिंग है?" साहेबांनी विचारलं.

सोनलला हायसं वाटलं. तिनं झटक्यात मोबाइल टेबलावर ठेवला. खोलीत राधाबाईंचा आवाज घुमला. तवापासून कब्जा आमचाच हाय. साहेबांनी तेवढं एक वाक्य पुन्हा लावायला सांगितलं. मग पुन्हा एकदा.

"अंकलजी, आप खामखा परेशान हो रहे हैं," साहेब हसून म्हणाले. "ट्रान्सलेशन तो आपने बिलकुल सही किया है."

"पण साहेब, त्याचा अर्थ..."

"हिंदी में एक ही मतलब होता है." साहेबांनी एक कोरा कागद ओढला, हे बयान माझंच अशा दोन ओळी खरडल्या आणि कागद राधाबाईंपुढे सरकवला. "अम्मा, ये आवाज़ आपकी ही है ना?"

"माहीच हाय," राधाबाई ताठ बसून म्हणाल्या. आयुष्यात पहिल्यांदा कोण्या साहेबानं त्यांचं म्हणणं तीनदा ऐकलं होतं.

"वहिनी, थांबा!" देवराव उठले. पण पेन राधाबाईंच्या हातात आलं होतं. एकेक अक्षर जपून, नवऱ्याच्या नावासकट त्यांनी सही केली आणि देवरावांकडे पाहिलं.

"बरोबर बोल्ली ना मी, भाऊजी?"