गोजरबाईंचे सतरा सेकंद

मी एक जुनी सागवानी खुर्ची आहे. मला चार पाय आहेत, दोन हात आहेत, पाठ सरळ आहे आणि माझी बैठक जमिनीपासून शेहेचाळीस सेंटिमीटर उंच आहे. मित्रांनो, खुर्चीची उंची सहसा कोणी विचारत नाही. माझ्या म्हातारपणी मात्र जे चांगले घडले, ते या एका आकड्यामुळे घडले.

छत्रपती संभाजीनगरातल्या एका छोट्या दुकानात सखाराम मिस्त्रींनी मला घडवले. एका लाकडाचे टोक दुसऱ्या लाकडाच्या खाचेत ठोकून त्यांनी माझे सांधे जुळवले. मग स्वतः बसले, डावीकडे-उजवीकडे डुलून पाहिले आणि गिऱ्हाइकाला म्हणाले, "ही करकरली तर मह्या नावानं ओरडा."

तिथून मी एका नर्सिंग कॉलेजात गेले. प्राचार्यांच्या टेबलासमोर माझी जागा होती. मुलींना प्रवेश घेऊन द्यायला आलेले आईवडील माझ्यावर बसत. काही जण ऐसपैस बसत, काही जण फक्त काठावर टेकत. काठावर टेकणाऱ्यांचे वजन त्यांच्या स्वतःच्याच पायांवर असते. ते बसलेले दिसतात, पण बसलेले नसतात. ही गोष्ट मला तेव्हाच कळली आणि पुढे फार उपयोगी पडली.

काही वर्षांनी चाकांच्या गुबगुबीत खुर्च्या आल्या आणि मी कोठीच्या खोलीत गेले. तिथे माझे काम एकच. ट्यूबलाइट गेली की कोणीतरी बुटांसकट माझ्यावर उभे राहायचे. माझा मागचा एक पाय झिजला. वाईट वाटायचे, पण मी करकरले नाही.

एके दिवशी दार उघडले आणि टेप घेऊन एक मुलगी आत आली. ती सुलेखा, शेवटच्या वर्षाची विद्यार्थिनी. तिच्या मागे तिची मैत्रीण अपेक्षा नाकाला ओढणी लावून उभी होती. सुलेखाने माझी बैठक मोजली. मग पुन्हा मोजली.

"शेहेचाळीस. हातपण आहेत. हीच."

"ही? हिच्यावर पाल बसलीय."

"पाल उठेल."

पाल उठली. सुलेखाने माझ्या झिजलेल्या पायाला रबराचा बूट बसवला, बैठकीवर पाणसळ ठेवून चारही पाय समतल आहेत का ते तपासले आणि मी संशोधनाच्या कामाला लागले.

ते संशोधन असे होते. साठीच्या पुढची माणसे किती सहज उठतात आणि चालतात, हे या दोघी मोजणार होत्या. माणसाने माझ्यावर बसायचे. "उठा" म्हटले की उठायचे, तीन मीटरवरच्या पट्टीपर्यंत चालायचे, वळायचे, परत येऊन बसायचे. अपेक्षा घड्याळ लावणार, सुलेखा आकडा लिहिणार. बारा सेकंदांहून जास्त वेळ लागला, तर त्या माणसाला पडण्याचा धोका अधिक आहे, असे समजतात. खुर्ची सगळ्यांना एकच हवी, म्हणून मला कॉलेजच्या गाडीच्या टपावर बांधून फुलंब्रीजवळच्या एका गावी नेले.

गावात सपाट फरशी एकाच ठिकाणी होती, मारुतीच्या मंडपात. तिथे मला ठेवले. सुलेखाने टेपने तीन मीटर मोजून निळी पट्टी चिकटवली. प्रत्येकाला ती एकच वाक्य सांगायची, "रोजच्यासारखं चाला, घाई नको." तिच्या कामात मला कुठेही चूक दिसेना.

अकरा पुरुष आणि चौदा बायका झाल्या. पुरुष दहा-अकरा सेकंदांत परत येत होते. बायकांना पंधरा, सोळा. गोजरबाईंना तर सतरा.

सुलेखाचे डोळे चमकले. "बायका एवढ्या मागे आहेत. अपेक्षा, हा मोठा निष्कर्ष आहे."

मला मात्र काहीतरी चुकतेय असे वाटत होते. ज्याच्या मांड्यांत बळ नसते, तो उठताना माझे हात तळव्यांनी जोराने दाबतो. या बायकांनी माझ्या हातांना स्पर्शही केला नव्हता. त्या काठावर टेकल्या होत्या आणि पिसासारख्या उठल्या होत्या. उलट धोंडिबा नावाचे आजोबा अकरा सेकंदांत आले खरे, पण उठताना त्यांनी मला असे दाबले की मला सखाराम मिस्त्रींची आठवण झाली. घड्याळ एक सांगत होते, माझे लाकूड दुसरे. आणि खुर्चीला कोणी विचारत नाही.

नियमाप्रमाणे सुलेखाने ज्याचा-त्याचा आकडा घरच्यांना सांगितला. पुरुष मंडळी जेवायला गेली. दोघी सामान आवरत होत्या, तेवढ्यात गोजरबाई झपाझप मंडपात आल्या.

"काय गं पोरींनो, काय सांगितलं तुम्ही मह्या बद्रीला? आई पडंल म्हने. बांधावरून जाऊ नको म्हने. येत्या बाजाराला शेळ्या इकून टाकतो म्हने. चार शेळ्या हायेत मह्या. त्यांच्यापायी मी दिसातून दोनदा वाडीला जाते. त्या गेल्या तर म्या काय घरात बसून भित्ती बघू?"

बोलता बोलता त्या मंडपाच्या टोकापर्यंत गेल्या, वळल्या, परत आल्या आणि रागारागाने माझ्यावर बसल्या. चांगल्या पूर्ण बसल्या. मग तशाच तावात हात न टेकता उठल्या.

सुलेखा पट्टीकडे बघत राहिली. "आजी, सकाळी तुम्ही अशा चालला नव्हता."

"सकाळी समोर थोरले दीर बसले व्हते की, धोंडिबा. दिरापुढं खुर्चीवर बसायचं व्हय? आन् पदर सोडून धावायचं?"

"अहो, मग सांगायचं ना," अपेक्षा म्हणाली.

"तुमीच म्हनला, रोजच्यावानी चाला. दिरापुढं मी रोज अशीच चालते."

दोघींनी मंडपासमोरच्या ओट्याकडे पाहिले. तिथे सकाळी सगळे थोरले दीर आणि सासरेच तर बसले होते. सुलेखाने उंची मोजली होती, अंतर मोजले होते. समोर कोण बसले आहे, हे पाहिले नव्हते.

परतीच्या वाटेवर अपेक्षाचा आवाज टपापर्यंत ऐकू येत होता. "किती छान निष्कर्ष होता गं."

"छान होता. खरा नव्हता. बाजाराच्या आधी परत यायचंय."

तीन दिवसांनी आम्ही पुन्हा त्याच मंडपात होतो. पुरुष पुन्हा ओट्यावर. त्यांना उठायला कसे सांगावे, हे सुलेखाला कळेना. शेवटी तिने खाली बघत एका दमात सांगितले, की बाबा, तुम्ही समोर असलात की आज्या हळू चालतात आणि आमचा आकडा चुकतो.

मग धोंडिबा म्हणाले, "आमच्यामुळं मोजमाप बिघडलं व्हय? मंग सांगायचं की. मी काय मारुती हाय का, जाग्यावरून न हालायला?" ते ओट्याला दोन्ही हात दाबून उठले आणि बाकीच्यांना घेऊन चिंचेखाली गेले. सुलेखाने त्यांचे हात पाहिले आणि वहीत काहीतरी लिहिले.

गोजरबाईंचे चिरंजीव बद्रीनाथ तेवढे दारात थांबले. गोजरबाईंनी पदर खोचला.

साडेनऊ सेकंद.

"परत मोजा," बद्रीनाथ म्हणाले.

सव्वानऊ.

"आता मोजून मोजून पाडता का मला?" गोजरबाई म्हणाल्या आणि पाठ टेकून निवांत बसल्या. "बसायला बरी हाय की ही."

सगळे हसले. बद्रीनाथही हसले. बाजाराचा दिवस आला आणि गेला. शेळ्या वाडीतच राहिल्या.

चौदांपैकी अकरा बायका ठणठणीत निघाल्या. तिघी खरोखरच हळू होत्या. एकीला मोतीबिंदू होता, दोघींचे गुडघे सुजले होते. त्यांना तपासणीला नेले. धोंडिबांना हात न टेकता ओट्यावरून दहा वेळा उठण्याचा व्यायाम दिला. सुलेखाने आपली पहिली चूक अहवालात स्वतःच्या हाताने लिहिली आणि तक्त्यात दोन नवे रकाने आखले. हात टेकवले का? समोर कोण बसले आहे?

आता मी कोठीत नसते. प्रयोगशाळेच्या खिडकीपाशी माझी जागा आहे. मित्रांनो, तुमच्याही घरी कोणीतरी म्हातारे माणूस असेल. प्रेमापोटी त्याला एका जागी बसवून ठेवू नका. तांब्या नेऊन देण्याआधी, काम काढून घेण्याआधी एकदा विचारा. उठता येणाऱ्याला उठू द्या, आणि ज्याचे तळवे खुर्ची दाबतात त्याच्याकडे लक्ष असू द्या.

आणि मलाही जपा. वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, रबराचा बूट झिजला का पाहा. मी एका बाजूने जरी खचले, तरी कोणाचा तरी आकडा चुकेल आणि कोणाच्या तरी शेळ्या विकल्या जातील.