रंग कुणाला ओळखतो

रंगाऱ्यांच्या गल्लीत सकाळपासून मुंगीला शिरायला जागा नव्हती. माझा धाकटा भाऊ कापडं रंगवायचं दुकान काढणार होता, आणि या गल्लीत नवं दुकान काढायचं तर आधी गल्लीतल्या सगळ्यात मोठ्या रंगाऱ्यासमोर, म्हणजे रंगमहर्षींसमोर, परीक्षा द्यावी लागे. मडक्यातल्या पाण्यात हात बुडवायचा आणि पांढऱ्या कापडावर टेकवायचा. कापड पांढरं राहिलं तर परवानगी. लाल पंजा उमटला तर रंगाने माणूस नाकारला. तरीही दुकान काढलं तर घरात कुणीतरी रक्त ओकून मरणार, अशी महर्षींची वाणी.

माझा पंजा लाल उमटला होता. तेव्हापासून मी त्यांच्याच भट्टीवर मजुरी करतो आणि त्यांच्या गिऱ्हाइकांची रांग बघून जळतो. खरं सांगायचं तर त्या दिवशी धाकट्यावरही जळत होतो. तो पास झाला असता तर मला घास गोड लागला नसता.

"बाळा, रंग माणूस ओळखतो," महर्षी डोळे मिटून म्हणाले. "माझ्या पुतण्याला ओळखलं, जावयाला ओळखलं. आता तुझं नशीब!"

"घरच्यांनाच बरा ओळखतो," मी पुटपुटलो.

धाकट्याने हात टेकवला. लालभडक पंजा! गर्दी हळहळली. या दुकानापायी त्याने नोकरी सोडली होती. मला आधी बरं वाटलं, मग त्याचा चेहरा बघवेना.

तेवढ्यात त्याची बायको पुढे झाली. ती शाळेत विज्ञान शिकवते.

"काका, याच मडक्यात आता तुमच्या पुतण्याला हात घालू द्या."

"पास झालेल्याची पुन्हा परीक्षा? रंगाचा अपमान होईल!"

"मग मीच घालते."

तिने आधी आपल्या बाटलीतल्या पाण्याने हात ओला करून कापडावर ठेवला. काही नाही. तोच हात मडक्यात बुडवून पुन्हा कापडावर टेकवला. लाल! पिशवीतून लिंबू काढून त्यावर पिळलं, तर डाग गायब.

"कापड एका रंगहीन औषधात भिजवून वाळवलंय आणि मडक्यात धुण्याचा सोडा आहे. दोन्ही एकत्र आले की लाल, आंबट लागलं की पुन्हा पांढरं. माझ्या वर्गातली पोरं हा प्रयोग करतात. पुतण्याच्या वेळी मडक्यात साधं पाणी होतं, एवढाच त्याचा पराक्रम!"

जन्मभर रंगात हात घालणारी आम्ही माणसं, आणि समोरचा लाल पंजा हा नुसता रंगच असेल हे एकालाही सुचलं नाही. रक्ताचं नाव काढल्याबरोबर आमची अक्कल गहाण पडली होती.

धाकट्याचं दुकान सुरू झालं, पाठोपाठ त्याच्यासमोर माझं. महर्षींना दर उतरवावे लागले. गिऱ्हाईक धाकट्याकडे जास्त, आणि मी अजून जळतो. पण आता जळलो की आपला रंग आणखी पक्का कसा होईल ते बघत बसतो. तेव्हा मंडळी, अमुक धंदा तुमच्या नशिबात नाही असं कुणी सांगितलं, तर घाबरण्याआधी एवढंच विचारा: सांगणाऱ्याचा स्वतःचा धंदा कोणता?