हरभऱ्यावरचा हॅलोजन

मित्रांनो, माझ्याकडे सरळ बघू नका, डोळे दिपतील. जरा बाजूला उभं राहून ऐका. मी एक जुना हॅलोजन आहे. पत्र्याची काळी पेटी, समोर जाड काच आणि पोटात एक बारीक नळी, एवढाच माझा संसार. नळी जळते, नवी येते, पेटी तीच राहते. म्हणून मी स्वतःला पेटीच समजतो आणि नळीला फारसा भाव देत नाही.

माझं तरुणपण बुटीबोरीला गेलं, एका कापड कारखान्याच्या फाटकावर. रातपाळीचे कामगार माझ्याखाली डबे उघडायचे, गावाकडे फोन लावायचे. कुणाचं काही हरवलं की म्हणायचे, "चल, हॅलोजनखाली शोधू." मला याचा मोठा तोरा होता. माझ्या वर काय आहे, हे विचारायची वेळ कधी आली नाही. वर सगळं काळं होतं. मी त्याला छप्पर समजत होतो.

मग पांढरे, चपटे, नवे दिवे आले. ते म्हणे वीज कमी खातात आणि उजेड जास्त देतात. त्यांच्यापुढे माझं काय चालणार? मला उतरवून एका कोपऱ्यात टाकलं. तिथे माझ्या काचेवर इतकी धूळ बसली की मला माझाच कंटाळा आला. तिथे कामाला असलेल्या सौरवला माझी दया आली. साहेबांना विचारून त्याने मला उचललं आणि गावी, आपल्या वडिलांच्या शेतावर नेलं.

गाव बुटीबोरीच्या पलीकडे, लहानसं. सौरवचे वडील मारोतराव यांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लाकडी खांब रोवला आणि माझी मान खाली वाकवून मला त्यावर बसवलं. समोर हरभऱ्याचं शेत, शेताच्या टोकाला पळसाची झाडं. माझं काम एकच, रात्रभर जळायचं. रोही आणि रानडुकरं उजेडाला बिचकतात. रोही म्हणजे नीलगाय. नावात गाय असली तरी हरभऱ्यात शिरली की तिच्याइतकं द्वाड जनावर नाही.

मारोतराव येणाऱ्या-जाणाऱ्याला मला दाखवायचे. म्हणायचे, "सौरव अन् मिनलच्या मागचं हे माहं तिसरं लेकरू हाये." काचेवर चिकटलेले किडे पुसायला मात्र या लेकराकडे कुणी वर्षवर्ष चढायचं नाही. चालायचंच. कौतुक झालं की अंघोळीचं एवढं मनावर घेऊ नये.

मागच्या हंगामात एकदा आभाळ गच्च भरून आलं आणि संध्याकाळीच लाईन गेली. ती परत येईपर्यंत रोह्यांच्या कळपाने अर्धा हरभरा खाल्ला आणि उरलेला तुडवला. दुसऱ्या दिवशी मारोतराव धुऱ्यावर बसून राहिले. कुसुमताईंनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, आणलेला चहा तसाच निवला. तेव्हापासून दिवस मावळायच्या आत ते स्वतः येऊन माझं बटन दाबायचे आणि मी लागलो की मगच घराकडे वळायचे.

यंदा हरभरा चांगला आला होता. घाटे भरले होते. आणि नेमकी तेव्हाच मिनल आली. ही त्यांची लेक, नागपूरला मनीषनगरात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. तिला आपल्या कॉलनीतली माणसं आणि मुलं घेऊन बापाच्या शेतावर आकाशदर्शन करायचं होतं. तारीख तिने अमावस्येची काढली होती.

"बाबा, तेवढ्या वेळ हॅलोजन बंद ठेवा ना," ती म्हणाली.

"अन् रोही आले मंग? अवसेची रात काहून धरली वं तू? त्यायले तर आंधारच पाह्यजे."

"ताऱ्यांनाही अंधारच पाहिजे, बाबा."

कुसुमताई लेकीच्या बाजूने बोलल्या. "पोरगी एवढ्या लोकायले घेऊन येऊन राहिली. एक दिवस तुमचा दिवा नाई लागला तं काय होते?"

"हरभरा जाते," मारोतराव म्हणाले आणि उठून गेले.

पण लेकीला नाही म्हणणं त्यांना कधी जमलेलं नाही. शेवटी ठरलं ते असं, की मी बंद राहीन, पण मारोतराव बटनाजवळून हलणार नाहीत आणि शेतात जरा खुसफुस झाली की मला लावतील. मला वाईट वाटलं, मित्रांनो. ज्याला तिसरं लेकरू म्हणायचं, त्यालाच घरी पाहुणे आल्यावर बंद करायचं? त्या दिवशी दुपारभर मी खांबावर रुसून होतो.

संध्याकाळी बस आली. शेताशेजारच्या रिकाम्या तुकड्यात सतरंज्या पडल्या, तीन पायांवर दुर्बीण उभी राहिली. मिनलने गावालाही बोलावलं होतं, पण गावचं कुणी आलं नाही. आभाळ तर रोज डोक्यावरच असतं, ते पाहायला शेतात काय जायचं, असं सगळ्यांचं म्हणणं. अंधार पडला. रोज या वेळी मी लागतो. त्या दिवशी लागलो नाही.

आधी मला वाटलं, माझी काच फुटली आणि तिचा चुरा समोर उडाला. मग लक्षात आलं, काच जागेवरच आहे. चुरा दूर होता, पळसांच्याही पलीकडे, आणि तो लुकलुकत होता. मान वाकवलेली असल्यामुळे डोक्यावरचं मला काही दिसत नव्हतं. शेताच्या टोकाला आभाळ खाली उतरतं तेवढाच तुकडा दिसत होता. तरी तेवढ्यात मी दंग झालो. इतकी वर्षं ज्याला छप्पर समजलो, ते छप्पर नव्हतंच. माझा रुसवा कुठल्या कुठे गेला.

तेवढ्यात गावाकडून पांदणीच्या वाटेने टॉर्च नाचत आले. डबे बडवण्याचा आवाज, आरडाओरडा. सगळ्यांच्या पुढे शेजारच्या शेताचे श्रीधर, एका हातात काठी, दुसऱ्या हातात तेलाचा रिकामा डबा.

"मारोतराव, कोण्या बाजूनं घुसले गा?" ते धापा टाकत म्हणाले.

"कोण घुसलं?"

"रोही! गावात लाईन हाये अन् तुमचा हॅलोजन बंद. म्हटलं, डुकरायनं खांबच पाडला का काय."

टॉर्चचे झोत सतरंज्यांवर फिरले आणि आडवी पडलेली मनीषनगरची माणसं डोळ्यांवर हात घेऊन उठून बसली. मिनल म्हणाली, "काका, आधी टॉर्च विझवा, मग सांगते." तिने सांगितलं, तेव्हा सगळी मंडळी पोट धरून हसली. मी मात्र आतून हललो होतो. गावातून रोज कुणी माझ्याकडे बघतं आणि मी दिसलो नाही तर धावत सुटतं, हे मला माहीतच नव्हतं.

आलेच आहोत तर बसू, म्हणून गावकरी बसले. श्रीधरांनी डबा काही सोडला नाही. मिनलने कृत्तिका दाखवल्या की हे डबा वाजवायचे, मृग दाखवला की पुन्हा डबा. "तुमचे तारे चालू द्या, मी हरभरा पाहून राहिलो," असं वर सांगायचे. शहरातली मुलं दुर्बीण सोडून डबा वाजवायला रांग लावू लागली. सगळे मजेत होते, फक्त मारोतरावांचा जीव थाऱ्यावर नव्हता. ते माझ्या खांबाशी उभे होते, बोट बटनावर.

आणि शेताच्या टोकाला खुसफुस झाली.

सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. पळसाखाली, धुऱ्यावर एक मोठा रोही उभा होता. ताऱ्यांच्या पुढ्यात त्याची काळी मान मला स्पष्ट दिसली. मारोतरावांनाही दिसली. आता बटन दाबलं जाणार, म्हणून मी तयार झालो. श्रीधरांनी डबा बडवला, मुलांनी हाकाटी केली, रोह्याने मान फिरवली आणि तो आल्या वाटेने निघून गेला. बटन काही दाबलं गेलं नाही. रोह्याच्या मागे गेलेली मारोतरावांची नजर तिथून वर चढली होती आणि वरच राहिली होती.

"अवं मिनल," ते हळूच म्हणाले, "बाजलं उगवलं."

बाजलं म्हणजे खाट. पळसांच्या जरा वर चार तारे होते, खाटेच्या चार पायांसारखे. मिनल ज्यांना सप्तर्षी म्हणते, त्यांतले हे चार. ती लहान असताना मारोतराव तिला शेतातल्या राखणीच्या मचाणावर शेजारी झोपवून त्यांची गोष्ट सांगायचे. मी खांबावर आलो, मचाण मोडलं, आणि गोष्टही राहून गेली.

मारोतराव बटनापासून निघाले आणि सतरंजीवर मुलांमध्ये जाऊन बसले. "एका म्हातारीचं हे बाजलं हाये," ते सांगू लागले. "तिच्या मांगं तीन चोर लागले. म्हातारी झोपली का बाजल्याचे पाय काढून न्याचे, असं त्यायच्या मनात हाये. पण म्हातारी काही झोपत नाई."

"चोर कुठे आहेत?" एका मुलीने विचारलं.

"बाजल्याच्या मांगं हायेत. उगवाचे हायेत अजून."

मग भाकरी-भाजी झाली, हरभऱ्याचे डहाळे भाजून झाले. बसवाल्याने हॉर्न दिला. मुलं चपला चाचपडत होती, तेव्हा मिनल खांबापाशी आली आणि म्हणाली, "बाबा, लावा आता हॅलोजन. तुमच्या हरभऱ्याला उगाच धोका नको."

"थांब ना वं," सतरंजीवरून उत्तर आलं. "चोर उगवाचे हायेत अजून."

मिनल बापाच्या शेजारी जाऊन आडवी झाली, लहानपणी व्हायची तशी. तिच्यामागे मुलं आली, गावकरी थांबले, शेवटी बसवालाही खाली उतरला. पळसाच्या फांद्यांतून एकेक करून तिन्ही चोर वर आले. शेवटचा दिसला तेव्हा कुसुमताईंनी चक्क टाळी वाजवली. मी बंद होतो, पण इतक्या सुखात मी जळतानाही कधी नव्हतो.

हरभरा घरी आला, सगळा. आता मारोतराव शेतावर मुक्कामाला असले की थोडा वेळ मला बंद करतात. त्या वेळी श्रीधर धावत येत नाहीत, अंथरूण घेऊन सावकाश येतात. आणि हो, माझी काच पुसली बरं का! मिनल स्वतः शिडीवर चढली होती.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तू तुम्हाला नेहमी विनवतात, आम्हाला टाकू नका, वापरत राहा. माझी विनवणी थोडी वेगळी आहे. काम असेल तेव्हा मला जरूर लावा, मी रात्रभर जळेन. तुमच्या गच्चीवर, गल्लीत, फाटकावर माझे भाऊबंद आहेत, त्यांनाही लावा. पण काम नसेल तेव्हा आम्हाला विझवत जा. तुम्हाला तारे दिसतील म्हणून तर विझवाच, पण आमच्यासाठीही विझवा. जळणाऱ्या दिव्याला त्याच्या उजेडापलीकडचं काही दिसत नाही, आणि आम्हालाही बघायचं असतं.